भुतांची बाग कीं माणसांची?

यंदाच्या हिंवाळी सुटींत नववीच्या विद्यार्थ्यांची सहल कोलकात्यास न्यावयाची ठरली व तिचा कार्यक्रम पालकांकडे पाठविण्यांत आला. त्यांत व्हिक्टोरिया स्मारक होतें, पदार्थसंग्रहालय होतें, शिबपूरचें वनस्पतिउद्यान होतें. त्यांविषयीं कोणाचेंच कांहीं म्हणणें नव्हतें. परंतु तिसऱ्या दिवसाच्या सकाळपुढें 'साउथ पार्क स्ट्रीट येथील जुनी दफनभूमि' एवढे शब्द होते, त्यांनीं मात्र बरीच खळबळ उडविली. ३४ विद्यार्थ्यांपैकीं ११ जणांच्या पालकांनीं लेखी कळविलें कीं, आमचें मूल तेथें जाणार नाहीं. हरकत घेणारे एकाच धर्माचे नव्हते, हें येथें मुद्दाम नमूद करतों. त्यांत हिंदु होते, मुसलमान होते, आणि ज्यांच्या घरीं रोज सायंकाळीं बायबल वाचलें जातें असेही होते. इतर कोणत्या बाबतींत नसलें तरी भुताच्या बाबतींत आम्हां सर्वांचें असें ऐक्य आहे हें पाहून क्षणभर समाधानच वाटलें.

पत्रांतील कारणें वाचण्यासारखीं होतीं. एका गृहस्थांनीं लिहिलें कीं, कोवळ्या वयांत मुलांना असल्या ठिकाणीं नेणें बरें नव्हे. एका मातेनें लिहिलें कीं, ती जागा झपाटलेली असल्याचें सर्वश्रुत आहे. तेथें छायाचित्र घेऊं जातां यंत्र बंद पडतें, पांढऱ्या आकृति दिसतात आणि एका कबरींतून रक्त पाझरतें. ही माहिती त्यांना कोठून मिळाली हें विचारण्याचें कारण नव्हतें. हल्लीं ती प्रत्येकाच्या खिशांत, मागितल्यावांचून, येऊन पडते. त्या ११ मुलांना आम्हीं सक्ति केली नाहीं. त्या सकाळीं त्यांना एका शिक्षिकाबाईंबरोबर पदार्थसंग्रहालयांत पाठविलें. १८१४ सालीं स्थापन झालेल्या त्या संग्रहालयांत मिसर देशाची एक ममी ठेविलेली आहे. म्हणजे जीं मुलें दफनभूमींत गेलीं त्यांना झाडें, शेवाळ आणि दगड दिसले, व जीं भीतीस्तव गेलीं नाहींत त्यांनीं हजारों वर्षांपूर्वीचें प्रेत कांचेपलीकडे डोळे भरून पाहिलें! त्यांतील एकालाही त्या रात्रीं ताप आल्याचें ऐकिवांत नाहीं.

असो. थट्टा बाजूस ठेवून या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. कारण पालकांनीं तो कळकळीनें उपस्थित केला आहे, आणि कळकळीला उत्तर देणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे.

प्रथम त्या स्थळाची ओळख करून घेऊं. इंग्रजी व्यापाऱ्यांच्या कलकत्त्यांतील जुनी दफनभूमि भरून गेल्यावर १७६७ सालीं गांवाबाहेरच्या दलदलीजवळ ही नवी दफनभूमि उघडण्यांत आली. तिकडे जाणाऱ्या रस्त्याला लोक 'बरियल ग्राउंड रोड' म्हणूं लागले. पुढें त्या बाजूस सर न्यायाधीश इलायजा इंपे यांनीं हरणें पाळण्यासाठीं राखलेली मोठी बाग होती, तीवरून 'पार्क स्ट्रीट' हें नांव पडलें. आज अधिकृतपणें तो मदर तेरेसा सरणि आहे. त्या काळीं युरोपांत मेलेल्या मनुष्यास देवळाच्या तळघरांत किंवा देवळाभोंवतीच्या तुटपुंज्या अंगणांत पुरण्याची रीति होती. झाडें, वाटा आणि स्मारकें यांनीं नटलेल्या, देवळापासून दूर असलेल्या दफनभूमीचा जो प्रकार तिकडे पुढें प्रसिद्धीस आला, त्यांतील पॅरिसचें पेर लाशेझ १८०४ सालचें आणि लंडनचें हायगेट १८३९ सालचें. म्हणजे आमच्या देशांतील ही बाग त्या दोहोंहून जुनी आहे. १७९० च्या सुमारास ती जवळजवळ भरली, तरी पुढेंही चाळीसएक वर्षें तेथें अधूनमधून दफनें होत राहिलीं. सुमारें १६०० कबरी तेथें आहेत असें सांगतात.

फाटकांतून आंत गेल्याबरोबर नवख्या मनुष्यास चमत्कारिक वाटतें, हें मी नाकारीत नाहीं. बाहेर ट्रामगाड्यांच्या शहराचा कोलाहल, आणि आंत एकाएकीं हिरवट काळोख. उंच झाडांच्या छायेंत दोन्ही बाजूंस पिरॅमिडें, चौकोनी निमुळते स्तंभ, घुमट, ग्रीक धर्तीच्या खांबांचे मंडप असे एकमेकांस खेटून उभे. एखाद्या ओसाड नगरांत आल्याचा भास होतो. ख्रिस्ती दफनभूमि असूनही क्रूस फारसा दृष्टीस पडत नाहीं. त्या पिढीच्या प्रॉटेस्टंट इंग्रजांना रोमन व मिसरी थाटच अधिक प्रिय होता. मुंगूस वाटेवरून सरकन् जातें. पाचोळा आपल्याच पायांखालीं वाजतो, आणि मागून कोणी येत आहे असें वाटतें. दमट हवेनें छायाचित्रयंत्राच्या भिंगावर वाफ धरते. आतां रक्ताची गोष्ट. या कबरी बहुतेक विटांच्या असून वरून चुन्याचा गिलावा आहे, आणि बंगाल्यांत चुन्यांत विटांची तांबडी पूड, म्हणजे सुरकी, घालण्याचा प्रघात होता. गिलावा फुटून दोन-अडीचशे पावसाळ्यांचें पाणी विटांत मुरूं लागल्यावर भिंतीवर तांबडे ओघळ उतरले तर त्यांत नवल तें काय? आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर दर श्रावणांत असेच ओघळ उतरतात. तेथें रक्त सांडल्याची वार्ता अद्याप कोणी उठविली नाहीं, कारण ती भिंत प्रवाशांना दाखविण्याजोगी नाहीं.

परंतु भूत नाहीं एवढें सिद्ध करून मी थांबणार नाहीं. भुताच्या गोष्टीविषयीं माझी खरी तक्रार ती खोटी आहे ही नव्हे. ती फार थोडकी आहे, ही आहे. जो तेथें भूत पाहावयास जातो त्याला कांहींच दिसत नाहीं, आणि जें दिसण्यासारखें आहे त्याकडे त्याची पाठ असते.

आमच्या मुलांना मीं एकच काम सांगितलें होतें: शिळा वाचा, आणि वय लिहून घ्या. पहिलीं दहा-पंधरा मिनिटें हंसणें-खिदळणें चाललें. नंतर तें आपोआप थांबलें. एकवीस वर्षें. एकोणीस वर्षें. तीन महिने. एकाच शिळेवर आई आणि तिचें तान्हें मूल. इंग्रजांनीं हिंदुस्थानांत येऊन राज्य कमावलें हें मुलांनीं पुस्तकांत वाचलें होतें. त्या राज्याचे कारकून, शिपाई, त्यांच्या बायका व मुलें यांनीं त्यासाठीं काय भरलें, हें कोणत्याच धड्यांत नव्हतें. आपल्या मुंबईविषयीं त्या लोकांत म्हणच पडली होती कीं, येथें माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें. कलकत्ता मुंबईहून बरें नव्हतें. पटकी, हिवताप, अतिसार. आणि यांपैकीं एकाचेंही कारण कोणास ठाऊक नव्हतें. रोझ एल्मर नांवाची वीस वर्षांची मुलगी १८०० सालीं पटकीनें वारली. तिची वळणावळणांची निमुळती कबर येथें आहे, आणि लँडर या इंग्रज कवीनें तिच्यावर केलेल्या लहानशा कवितेमुळें तिचें नांव आजवर राहिलें. तिच्या ओळखीच्या एका गृहस्थानें आपल्या आठवणींत तिच्या मृत्यूचा दोष अननसावर ठेविला आहे. अननस फार खाल्ला म्हणून मेली! हंसूं नका. पाण्यांतून पटकी पसरते हें लंडनच्या डॉक्टर स्नो यांनीं दाखविलें तें १८५४ सालीं. आणि रॉबर्ट कॉख यांनीं त्या रोगाचे जंतु ओळखले ते १८८४ सालीं, याच कलकत्ता शहरांत, रोग्यांच्या आंतड्यांत आणि तळ्याच्या पाण्यांत. पुढें दहा वर्षांनीं हाफकीन यांनीं पटकीची लस याच शहरांत टोचली, आणि तेथून ते मुंबईस येऊन १८९७ सालीं प्लेगच्या लशीचा पहिला प्रयोग त्यांनीं स्वतःवर केला. परळच्या संस्थेला ज्यांचें नांव आहे तेच हे. या बागेंतील माणसांना ज्यानें खरोखर धरलें तें पाण्याच्या पेल्यांत होतें. तें कोणाला दिसलें नाहीं म्हणून लोक अननसाला भ्याले. आणि आज आम्हीं त्यांच्या कबरीला भ्यावें?

येथें निजलेल्यांपैकीं कांहींजण तर विद्यार्थ्यांना ओळखीचे वाटले पाहिजेत. सर्वांत उंच स्तंभ सर विल्यम जोन्स यांचा. न्यायाधीश म्हणून १७८३ सालीं ते आले, दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं एशियाटिक सोसायटी स्थापिली, संस्कृत शिकले, १७८६ सालीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या बहिणी असाव्यात असें त्यांनीं प्रतिपादिलें, १७८९ सालीं शाकुंतल इंग्रजींत उतरविलें, आणि १७९४ सालीं ४७ व्या वर्षीं ते वारले. संस्कृतचा गृहपाठ जड वाटणाऱ्या मुलांनीं त्या स्तंभापुढें जरा अधिक वेळ उभें राहावें, असें मीं सुचविलें. सूचना लोकप्रिय झाली नाहीं. शिबपूरच्या उद्यानाचे संस्थापक कर्नल रॉबर्ट किड हेही येथेंच आहेत. आणि देवळाच्या आकाराची कबर आहे ती जनरल चार्ल्स स्टुअर्ट यांची. हे आयर्लंडांत जन्मलेले सेनापति रोज गंगास्नान करीत, हिंदु मूर्ति जमवीत, आणि त्यांचे जातभाई त्यांना थट्टेनें 'हिंदु स्टुअर्ट' म्हणत. १८२८ सालीं ते वारले. ख्रिस्ती दफनभूमींत एका ख्रिस्ती सेनापतीच्या अस्थींवर हिंदु शिल्पाचें छत्र! ज्याला अद्भुत पाहावयाचें आहे त्याला याहून अधिक काय हवें?

चार्ल्स डिकन्स यांचा मुलगा वॉल्टर हा कलकत्त्यास १८६३ च्या शेवटच्या दिवशीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं वारला. त्याची शिळा येथें दिसते. परंतु ती भवानीपूरच्या दफनभूमींतून १९८७ सालीं उचलून आणलेली आहे, देह तिकडेच आहे. आमच्या वर्गांतील एका चौकस मुलीनें विचारलें, "मग गुरुजी, त्याचें भूत कोणत्या दफनभूमींत फिरत असेल?" हा प्रश्न मी भूतविद्येच्या जाणकारांच्या स्वाधीन करतों.

आणि डेरोझिओ. हें नांव महाराष्ट्रांतील मुलांना फारसें ठाऊक नसतें, म्हणून थोडा अधिक वेळ घेतों. हेन्री डेरोझिओ हा कलकत्त्यांतच जन्मलेला, पोर्तुगीज वंशाचा, या देशाला आपली मातृभूमि म्हणून त्यावर इंग्रजींत कविता करणारा तरुण. १८२६ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो हिंदु कॉलेजांत शिक्षक झाला. त्याचे कांहीं विद्यार्थी त्याच्याच वयाचे होते. 'ऐकलें म्हणून मानूं नका, विचार करून माना,' हें त्याच्या शिकवण्याचें सार. तो मुलांना घरीं बोलावी, वादसभा भरवी, त्यांचे प्रश्न त्यांनाच परत विचारी. मुलें रूढींस प्रश्न विचारूं लागलीं तशा घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तक्रारी आल्या, आणि १८३१ सालीं चालकांनीं त्याला काढून टाकण्याचें ठरविल्यामुळें त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षीं २६ डिसेंबर रोजीं तो पटकीनें वारला. वय २२. त्याच्याभोंवतीं जमलेल्या तरुणांतच राधानाथ सिकदार होते. हिमालयांतील सर्वोच्च शिखराची उंची पुढें गणितानें काढली ती त्यांनीं. डेरोझिओ गेल्यावर अवघ्या अकराव्या दिवशीं, १८३२ च्या ६ जानेवारीस, मुंबईंत आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें. जांभेकरही शिक्षक, तेही विशीच्या आंतबाहेरचे, आणि तेही ३४ व्या वर्षीं गेले. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, केवळ योगायोग आहे. पण त्या कबरीपुढें उभें असतां तो मला आठवला, आणि मुलांना सांगितल्यावांचून राहवलें नाहीं. ज्याला पालकांच्या तक्रारींमुळें शाळा सोडावी लागली त्याच्या कबरीवर पालकांच्या तक्रारी डावलून मुलांना नेलें, असें मात्र कोणी म्हणूं नये. तक्रार केलेल्यांचीं मुलें ममीपुढें होतीं, हें वर सांगितलेंच आहे.

आतां मूळ मुद्दा. कोवळ्या वयांत मृत्यूचें दर्शन नको, हें म्हणणें मायेपोटीं आलेलें आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तें पाहा. त्या सकाळीं एका तान्ह्या मुलाच्या शिळेपाशीं आमच्या वर्गांतील एक मुलगा बराच वेळ उभा राहिला. मीं जवळ जाऊन विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या आईच्या कबरीवर असा दगड आहे कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं." त्याची आई दोन वर्षांपूर्वीं वारली. त्याला एकदांही तेथें नेलेलें नाहीं. आजी म्हणते, पोरसवदा मुलाला तेथें धरतें. मी त्या आजीला दोष देत नाहीं; लेकीला पुरून आलेल्या बाईनें नातवाला जपावें हें स्वाभाविक आहे. पण विचार करा: त्या मुलाला भिवविलें कोणाचें नांव घेऊन? तेथें दुसरें कोण आहे? ज्या स्त्रीनें त्याला वाढविलें, त्याच्या डब्यांत पोळी बांधून दिली, ती मेल्याबरोबर त्याला धरणारी झाली काय? भुताची भीति आपण परक्यांपासून शिकतों आणि लागू करतों आपल्याच माणसांना. ही गोष्ट केवळ ख्रिस्ती घरांतली नव्हे. आमच्या हिंदु मित्रांकडेही मुलांना स्मशानापासून दूरच ठेवतात, आणि वडील माणसें तेथून परत येतात तीं स्मशानवैराग्य घेऊन, जें उंबरठा ओलांडेपर्यंत टिकतें.

आमच्या महाराष्ट्रांतील भुतांची यादी काढली तर तिच्यांत आपलाच समाज दिसतो. मुंजा हा मुंजीनंतर लग्नाआधीं मेलेला ब्राह्मणाचा मुलगा, समंध हाही ब्राह्मण, पण इच्छा मागें ठेवून गेलेला, खवीस मुसलमान, बाळंतपणांत गेलेली बाई हडळ होते. म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाहीं, आणि जी बाई मूल जन्मास घालतां घालतां मेली तिला सहानुभूतीऐवजीं उलटीं पावलें मिळतात! दवाखाना दूर होता, दाई अडाणी होती, हें कोणी सांगत नाहीं. त्या कलकत्त्याच्या शिळेवर निदान आईचें आणि मुलाचें नांव तरी आहे.

एका गोष्टीचा उल्लेख करतों. ती मुलांना फार आवडली. पार्क स्ट्रीटच्या दुसऱ्या बाजूस याच काळची आणखी एक दफनभूमि होती, नॉर्थ पार्क स्ट्रीटची. ती आतां राहिलेली नाहीं. त्या जागीं रुग्णालय आणि शाळा उभी आहे. मुलें तेथें पाढे म्हणतात, डबे खातात, मधल्या सुटींत धांवतात. आणि रस्त्यापलीकडे, जेथें कबरी शाबूत आहेत, तेथें मात्र भुतें असतात असें लोक म्हणतात! कबरी मोडून टाकल्या कीं भूत जातें आणि जपून ठेविल्या कीं येतें, असा हा न्याय दिसतो. हा न्याय असाच चालूं दिला तर जुन्या जागा पाडूं इच्छिणाऱ्यांना फार सोयीचा आहे. ज्या जागेचें नांव 'झपाटलेली' एवढेंच उरतें, तिच्या दुरुस्तीसाठीं कोण पैसा देणार? भूत पाहावयास येणारे काय देतात तें आम्हीं पाहिलें: गिलाव्यावर खिळ्यानें कोरलेलीं आपलीं नांवें.

सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टींपैकीं 'गोरोस्थाने सावधान' ही याच दफनभूमीवर रचलेली आहे. भित्र्या पण जिज्ञासु मुलांनीं ती अवश्य मिळवून वाचावी. नांव भयप्रद आहे. गोष्ट शोधाची आहे, कबरीपाशीं माणसेंच काय काय उद्योग करतात त्याची आहे.

माझा आग्रह एवढाच कीं, पुढील वर्षींही हें स्थळ कार्यक्रमांत राहावें, आणि ज्यांना मुलांना पाठवावयाचें नसेल त्यांनीं न पाठवावें. परंतु त्यापूर्वीं एक काम कोलकात्यास न जातां करतां येण्यासारखें आहे. आमच्या गांवांतही जुनी दफनभूमि आहे, नदीकांठीं समाध्या आहेत, दर्ग्याच्या आवारांत थडगीं आहेत. त्यांवरील अक्षरें दरसाल पावसानें झिजत आहेत; कित्येकांवरचें साल आतांच वाचतां येत नाहीं. येत्या मे महिन्याच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या वडील माणसाबरोबर, दिवसाउजेडीं, आपल्या घराण्याच्या किंवा शेजाऱ्यांच्या अशा पांच शिळा वाचून नांव, साल व वय वहींत उतरून आणावें. मोडी अक्षरें असतील तर तीं जशींच्या तशीं काढावीं. वाचून देणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. वह्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत माझ्याकडे द्याव्या. वर ज्या मुलाचा उल्लेख केला त्याच्या आजीनें नातवाला घेऊन जाण्याचें कबूल केलें आहे. मात्र रविवारीं सकाळीं आणि गुरुजी बरोबर असतील तरच, असा तिचा निरोप आहे. मी जाणार आहें.